पालघाट देवी आणि रविवर्म्याची लक्ष्मी

मुंबईच्या जुन्या चाळींत देव्हाऱ्यावर हमखास दिसणारी लक्ष्मी रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघरी पोचली. हा छापखाना 1894 साली मुंबईतच सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रात ती गुलाबी कमळावर उभी, जरीचं लुगडं, अंगभर दागिने. पाण्यात हत्ती सोंडेत हार धरून. निसर्ग आहे, पण दिमतीला. कमळावर पाऊल आहे, तरी पाकळी दबत नाही!

आता वारली आदिवासींचा लग्नचौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं चित्र, बघा. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचं टोक. चौक काढायचा सुवासिनींनी. मधोमध पालघाट, वनस्पतीची आणि सुफलनाची देवी. नाकीडोळी नीटस वगैरे भानगड नाही. चौकटीच्या नक्षीतून तिला वेगळं काढणंच कठीण. भोवती झाडं, पाखरं, माणसं एकाच काडीने, एकाच पांढऱ्या रंगात. इथे बाई निसर्गाची मालकीण नाही, त्यातलीच एक.

रंगकाम, कापडाची चमक यात रविवर्मा उजवाच. पण प्रतीक म्हणून मला चौक जास्त पटतो, कारण तो बाईच्या हातचा आहे. आरेतल्या वारली पाड्यांमुळे तो मुंबईला परकाही नाही. आता मात्र तो कुर्त्यांवर आणि कॉफीच्या मगांवर जास्त दिसतो, बहुतेक वेळा देवीला वगळूनच.