रास्पबेरी पाय ४ आणि एकोस : आठ महिन्यांच्या रात्रींनंतर

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढणारा हा संच पहिल्यांदा अंगणात मांडला आणि मेअखेरीस आवरून ठेवला. मधल्या काळात तो ३७ रात्री चालला. वहीत तारखेनिशी नोंदी आहेत, त्यातल्या पहिल्या १५ रात्री निम्म्याहून अधिक वेळ बिघाड शोधण्यात गेला. पेटी उघडल्याच्या दिवशी लिहिलेले अनुभव बरेच वाचायला मिळतात, पण आठ महिन्यांनंतर काय उरतं ते कमी जण लिहितात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यात राहते, पण फोटो काढते ते जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ, मामांच्या शेतावर. आकाश काळं आहे, पण हा बिबट्याचा मुलूख आहे. ऊस उभा असताना रात्री एकटीनं चार तास अंगणात बसणं मामा मुळीच चालू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. दुर्बीण बाहेर आणि मी दार लावून आत, हाच एक मार्ग होता. दुर्बिणीशेजारी एक छोटा संगणक ठेवायचा, त्यानंच माउंट (दुर्बीण फिरवणारा आधार), कॅमेरा, गाइडिंग (दुर्बीण ताऱ्यावर खिळवून ठेवणं), फोकस सगळं सांभाळायचं आणि मी आतून लॅपटॉपवर बघायचं. म्हणजे या यंत्रणेचा भरवसा हा माझ्यासाठी निव्वळ सोयीचा प्रश्न नव्हता. ती बंद पडली की रात्री एक वाजता टॉर्च आणि काठी घेऊन मामांना उठावं लागायचं.

संच असा : छोटा संगणक म्हणजे ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (पुढे नुसता ‘पाय’), त्यावर ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस, उपकरणांशी बोलणारे इंडीचे ड्रायव्हर आणि के-स्टार्स या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं, सगळा संच चालवणारं एकोस. दुर्बीण ४०० मिमी फोकल लेंग्थची. मुख्य कॅमेरा रंगीत, थंड करता येणारा, सोनीचा आयएमएक्स५३३ सेन्सर असलेला, ३००८ बाय ३००८ पिक्सेलचा. त्यात एका वेळी आकाशाचा साधारण १.६ अंशांचा चौकोन मावतो. गाइडिंगला एक छोटा कॅमेरा. सगळं १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर, कारण शेतातल्या लाईटचा नेम नाही.

आता सगळ्यात छळलेल्या बिघाडाबद्दल. डिसेंबरमध्ये तो रोज मध्यरात्रीनंतर यायचा. संध्याकाळी सातपासून १२० सेकंदांचे फोटो एकामागून एक सुरळीत यायचे आणि साडेबारा-एकच्या सुमाराला एकोसमध्ये ‘एक्स्पोजर फेल’ असा लाल शेरा दिसायचा. कधी गाइड कॅमेरा नाहीसा, कधी मुख्य कॅमेरा. पुन्हा जोडला की दहा मिनिटं चालायचं, परत तेच. मी ड्रायव्हर काढून पुन्हा घातले. कॅमेऱ्याची वायर बदलली. पायचं मेमरी कार्ड पुसून सगळी यंत्रणा नव्यानं बसवली, दोनदा. प्रत्येक वेळी दुपारी तपासलं की सगळं नीट.

धागा सापडला तो मामांमुळे. ते म्हणाले, “अगं, तू तो गरम पट्टा लावून आत येतेस ना, त्यानंतरच तुझं बंद पडतं बघ.” दव पडायला लागलं की भिंगाभोवती मी तापणारा पट्टा लावायची. तो यूएसबीवर चालणारा, ५ व्होल्टचा, जवळजवळ २ अँपिअर ओढणारा. आणि तो लावलेला होता त्याच १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरला, ज्यावर पायही चालत होता. कन्व्हर्टर ३ अँपिअरचा. पाय ४ ला स्वतःसाठीच ५ व्होल्ट ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. दुपारी दव नसतं, म्हणून दुपारी पट्टाही नसायचा, म्हणून दुपारी दोषही सापडायचा नाही.

त्या रात्री पहिल्यांदा मी टर्मिनलवर व्होल्टेजची स्थिती विचारणारी ‘गेट थ्रॉटल्ड’ ही आज्ञा दिली. उत्तर आलं ०एक्स५०००५. याचा अर्थ आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे, त्यामुळे वेग रोखलेला आहे, आणि चालू केल्यापासून आधीही असं घडलेलं आहे. पट्टा काढला, पुन्हा विचारलं, तर ०एक्स५०००० : आत्ता ठीक, पण घडून गेलंय. उत्तर ०एक्स० आलं तरच सगळं निर्मळ समजायचं. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय ही खूण लावतो. मी मल्टिमीटर पायच्या पिनांवर धरला, तेव्हा पट्ट्याविना ४.९ आणि पट्ट्यासह ४.५ दिसलं. कर्नलच्या, म्हणजे ओएसच्या गाभ्याच्या, नोंदींत दर रात्रीचा ‘अंडरव्होल्टेज’ उल्लेख आणि त्यापाठोपाठ यूएसबीची ‘एरर उणे ७१’ असे जोडीनं पडलेले होते. सगळं लिहून ठेवलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

उपाय तीन केले. पट्ट्याला स्वतंत्र कन्व्हर्टर दिला. पायचा कन्व्हर्टर बॅटरीजवळून उचलून पायच्या शेजारी आणला, कारण दोन मीटर बारीक वायरीत ०.२ ओहमचा रोध असला तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच जातात. आणि फोकसर (फोकस फिरवणारी मोटर) व गाइड कॅमेरा वेगळ्या पुरवठ्याच्या यूएसबी हबवर टाकले, कारण पाय ४ चे चारही यूएसबी मिळून १.२ अँपिअरच देतात. त्यानंतर तो बिघाड पुन्हा आला नाही. एकदाही नाही.

यूएसबीचीच दुसरी गोष्ट त्यामानानं लवकर उलगडली. लिनक्स (पायची ओएस त्यावरच उभी आहे) यूएसबी उपकरणांच्या देवघेवीसाठी मुळात १६ एमबी स्मृती राखून ठेवतं. माझ्या कॅमेऱ्याचं एक १६ बिटांचं चित्र भरतं १८ एमबी, आणि वर गाइड कॅमेरा आहेच. त्यामुळे दोन्ही कॅमेरे एकत्र चालले की अर्धवट किंवा काळी चित्रं यायची. काही कंपन्यांचे ड्रायव्हर ही मर्यादा आपोआप वाढवतात, माझ्या कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरनं वाढवली नव्हती. बूट विभागातल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये यूएसबीकोअरची ही मर्यादा २०० करून पुन्हा चालू केलं आणि प्रश्न मिटला. ती फाइल एकाच ओळीची असते, नवी ओळ पाडायची नाही, तिथेच जागा सोडून पुढे लिहायचं. सोबत ड्रायव्हरमधली बँडविड्थही, म्हणजे चित्र पाठवण्याचा वेग, थोडी उतरवली. चित्र उतरायला अर्धा सेकंद जास्त लागतो, दोन मिनिटांच्या एक्स्पोजरपुढे त्याचं काहीच नाही.

घड्याळाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण यात दुर्बिणीचं नुकसान होऊ शकतं. पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर तो मागच्या वेळी बंद करतानाची वेळ धरून पुढे चालू लागतो. मी रविवारी पहाटे साडेपाचला बंद केला आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी सातला लावला, तर त्याच्या मते अजून पहाटच. एकोसनं ती वेळ माउंटला दिली, मी मृगातला तेजोमेघ शोधायला सांगितलं आणि दुर्बीण जमिनीकडे वळायला लागली. खिडकीतून दिसलं म्हणून थांबवता आलं. मोठी चूक निदान लक्षात तरी येते. चार मिनिटांची चूक म्हणजे आकाशात एक अंश, आणि माझा चौकोनच १.६ अंशांचा. वस्तू कडेला जाते आणि आपण माउंटला दोष देत बसतो. डीएस३२३१ चिपचं घड्याळ, नाण्याएवढ्या सेलवर चालणारं, पायच्या चार पिनांवर बसवलं. तुम्ही नव्यानं घेत असाल तर पाय ५ वर घड्याळ अंगचंच आहे, फक्त त्याचा छोटा सेल वेगळा घ्यावा लागतो. पण त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. वर काय घडलं ते वाचलंत, तेव्हा बॅटरीवर चालवणार असाल तर तो हिशेब आधी करा.

वाय-फाय चित्र उतरताना तुटायचं, कारण यूएसबी ३ ची वायर चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झवर गेले, तर मामांच्या घराची दगडी भिंत आडवी आली. शेवटी २० मीटर लॅन केबल टाकली. आमच्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथे लोक रेडिओ गोंगाटाला एवढं का जपतात, ते एका हातभर वायरीनं मला नीट कळलं.

सगळं काम पायवरच चालतं आणि लॅपटॉप फक्त पडदा दाखवतो, म्हणून संपर्क तुटला तरी फोटो थांबत नाहीत. के-स्टार्स लॅपटॉपवर आणि नुसता इंडी सर्व्हर पायवर, अशीही रचना करता येते आणि ती वेगवान आहे. मी पंधरा दिवस वापरून सोडली, कारण तिच्यात केबल हलली की रात्र गेली.

आता ज्यासाठी मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही ते सांगते. ओतूरहून ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर असतो आणि आमच्या अंगणातून तो चिंचेच्या झाडामागे आहे. ध्रुवतारा न दिसता माउंट ध्रुवाकडे लावायचा म्हणजे पूर्वी तासभर झटापट. एकोसचा ध्रुव जुळवणीचा सहायक आकाशाच्या दुसऱ्या भागात माउंट फिरवून तीन फोटो घेतो, त्यांतले तारे ओळखतो आणि किती, कुठे सरकवायचं ते पडद्यावर बाण काढून दाखवतो. दहा मिनिटांत काम होतं. तारे ओळखणं इंटरनेटविना चालावं म्हणून ताऱ्यांच्या मांडणीच्या अनुक्रमणिकेच्या फाइली आधी उतरवून ठेवा, पण सगळ्या नकोत. चित्राच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शापासून पूर्ण रुंदीपर्यंतच्या पुरतात, मला ४२०४ ते ४२११ क्रमांकांच्या लागल्या. आधी सगळ्या भरल्या होत्या, तर कार्डही भरलं आणि शोधही रेंगाळला. हे इतकं काम एकोस लिहिणारे जासेम मुतलक आणि सोबतच्या स्वयंसेवकांनी मुक्त आणि विनामूल्य ठेवलंय, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते : निघायच्या संध्याकाळी अपडेट करू नका. इंडीचा गाभा नवा आणि कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जुना, असं झालं की ड्रायव्हर चालूच होत नाही. जानेवारीतली अमावस्या माझी अशी गेली. आता चालत्या कार्डाची हुबेहूब प्रत डब्यात असते, अपडेट घरी करते आणि नव्या कार्डावर एक पूर्ण रात्र गच्चीत काढल्याशिवाय ते शेतावर नेत नाही.

मेच्या शेवटच्या फेरीत लगून तेजोमेघाचे सलग चार तास मिळाले, १२० फोटो, त्यातले फक्त सहा टाकून द्यावे लागले. मामा सकाळी म्हणाले, “काल केलंस की नाही काही? हाकच आली नाही.”

एक दोष अजून शिल्लक आहे. माउंट आणि फोकसरच्या सिरियल वायरी अधूनमधून क्रमांक बदलतात, शून्याचा एक होतो आणि एकोस फोकसरशी माउंटची भाषा बोलू लागतं. दोन्हींतल्या चिप एकसारख्या आणि अनुक्रमांक नसलेल्या आहेत, त्यामुळे नावानं ओळख पटत नाही. कोणती वायर कोणत्या छिद्रात यावरून ओळखणारा नियम लिहून ठेवलाय आणि छिद्रांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. पावसाळ्यात घरी त्याचीच तपासणी चालू आहे. कॅमेरा उणे १० अंशांवर ठेवून, झाकण लावून, येत्या हंगामासाठी डार्क फ्रेम (कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वजा करायला लागणारे काळे फोटो) काढते आहे, आणि प्रत्येक वेळी पाय बंद-चालू करून पट्टी आणि क्रमांक जुळतात का ते वहीत मांडते आहे. आजपर्यंत २६ वेळा जुळले.