रीड, हॉल की टीएमआर? गच्चीच्या दारावरचे सात महिने

परळच्या आमच्या जुन्या इमारतीत गच्चीचं दार उघडं राहिलं की पाऊस जिन्याने थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरतो. म्हणून जूनमध्ये दार उघडलं की घरात बझर वाजवणारा वायरलेस सेन्सर बनवला. दारावरचं चुंबक ओळखायला रीड, हॉल आणि टीएमआर असे तीन प्रकार वापरून पाहिले. वर प्लग नाही, त्यामुळे सगळी मदार सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलवर.

पहिल्यांदा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून रीड स्विच आणला. काचेच्या नळीत दोन पात्या, चुंबक जवळ आलं की जुळतात. स्विचला स्वतःला वीज लागतच नाही. तरी सेल महिन्याभरात संपला! दार बहुतेक वेळ बंद, म्हणजे पात्या जुळलेल्या, आणि तेवढा वेळ दहा किलोओहमच्या पुल-अप रेझिस्टरमधून (पात्या सुटल्या की सिग्नल वर ओढून धरणारा) ०.३ मिलिअँपिअर वाहत राहतो. २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्यात तीसेक दिवसच पुरणार. मग एक मेगओहम लावला, तर जुलैच्या दमट हवेत बोर्डावरून करंट गळून दार उघडं असूनही बंद दिसायला लागलं. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स धुऊन लॅकर मारल्यावर ते थांबलं.

ऑगस्टमध्ये लाकूड फुगलं, दार नीट बसेना, फट वाढली आणि बझर रात्री-अपरात्री वाजू लागला. इथे मोठं चुंबक लावावं लागलं.

सप्टेंबरात हॉल सेन्सरकडे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या चिपकडे वळलो. दुकानात सहज मिळणारा ए३१४४ इथे चालत नाही: त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि खातो काही मिलिअँपिअर. डीआरव्ही५०३२ या हॉल चिपचा कमी वीज खाणारा प्रकार सेकंदाला पाच वेळा पाहतो आणि एक मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो. दाराला एवढं पुरे. आउटपुट पुश-पुल, म्हणजे सिग्नल वर आणि खाली चिप स्वतःच नेते, म्हणून पुल-अपची कटकटच गेली. मात्र रीड लांबीच्या दिशेचं क्षेत्र ओळखतो, हा चिपच्या पृष्ठभागाला लंब असलेलं. चुंबक फिरवून पुन्हा बसवण्यात एक अख्खा रविवार गेला.

टीएमआर सेन्सर (चुंबकीय क्षेत्रानुसार ज्याचा रोध बदलतो अशी चिप) ऑनलाइन मागवून पंपरूमच्या लोखंडी दारावर लावला. त्याची दिशा रीडसारखीच, त्यामुळे जुनं चुंबक जागेवरून हललं नाही. लोखंड क्षेत्र ओढून घेतं, म्हणून चुंबकाखाली प्लास्टिकचा जाड तुकडा मात्र ठेवावाच लागला.

सेलवर चालवायचं असेल तर मी आता हॉल किंवा टीएमआरच घेईन. वीज असेल तिथे रीड आजही आवडतो. सोल्डर करताना पाय काचेला लागून वाकवू नका, काच तडकते. माझे दोन असेच गेले.