आंबोलीतलं अंधार जपणारं रिसॉर्ट

'इको-फ्रेंडली' ही पाटी हल्ली घाटातल्या कुठल्याही हॉटेलावर दिसते. म्हणून बुकिंगच्या वेळी मी फोनवर एकच विचारलं, रात्री बाहेर दिवे किती असतात? उत्तर आलं, "वाटेपुरते, पिवळे. जेवणं झाली की तेही बंद." लगेच पैसे भरले.

सावंतवाडीहून घाट चढून साधारण ३० किलोमीटरवर आंबोली. वर्षाचा पाऊस ७,००० मिलिमीटरच्या घरात, त्यामुळे जुलैत ऊन दिसेल ही आशाच नको. रिसॉर्ट गावापासून जरा बाजूला, अंजन, जांभूळ, पिसा अशा झाडांच्या रानाला लागून आहे. खोल्या मोजक्या, चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं. एसी नाही, टीव्ही नाही. आमच्या खोलीची पडवी एका जांभळाच्या बुंध्याला वळसा घालून बांधलेली होती. झाड तोडणं किती सोपं होतं!

पोहायचा तलाव नाही, आणि तोच मला इथला सगळ्यात मोठा गुण वाटला. जेवणघरामागे दगडी टाकं आहे. त्यावर वाकलेल्या फांदीला पानं चिकटवून पांढऱ्या फेसाचा मूठभर गोळा लटकत होता, ताज्या ताकावरच्या फेसासारखा. मलबारी उडत्या बेडकाचं घरटं! अंडी या फेसात वाढतात आणि पिल्लं टपाटप खालच्या पाण्यात पडतात. टाक्यात क्लोरीन असतं तर पडल्या पडल्या मेली असती. इथले लोक ते टाकं पावसाळाभर उपसत नाहीत.

रात्री रिसॉर्टचा वाटाड्या आम्हाला रानाच्या कडेला घेऊन गेला. गावचाच मुलगा. ओढ्याकाठच्या झुडपात मलबारी चापडा, म्हणजे इथला विषारी साप, हलत नव्हता की डुलत नव्हता. "फ्लॅश नको, ताई, आणि याच्यापुढे पाऊल नको," एवढंच तो म्हणाला. मग त्याने सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले. डोळे सरावायला वेळ लागला, आणि मग पायाशी पडलेल्या कुजक्या फांद्या फिकट हिरव्या उजळलेल्या दिसल्या. चकाकणारी बुरशी! आवारात हॅलोजन लावलं असतं तर आम्ही ती तुडवून पुढे गेलो असतो.

जेवण साधं आणि उत्तम: सकाळी घावणे, दुपारी कुळथाची पिठी-भात, टाकळ्याची भाजी, सोलकढी. पाणी तांब्यात, प्लास्टिकची बाटली कुठेच नाही. मग न्हाणीघरात शाम्पूच्या पुड्या कशाला ठेवता? त्या काढाच.

दुसरी तक्रार गंभीर आहे. जेवणघराकडे जाणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि धरायला कठडा नाही. सासूबाईंना दर वेळी दोघांनी धरून न्यावं लागलं. बांबूचा कठडा बसवला तर रानाचं काही बिघडणार नाही. चादरीही दमट असतात, पण चुलीमागच्या खोलीत कपडे वाळवून देतात. जळवा लागतातच, लांब मोजे न्या.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाला सकाळी लवकर जा. तिथल्या कुंडातल्या इवल्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. पाण्यात पाय घालू नका. बेडकांसाठी जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, धबधब्यावरच्या गर्दीत घाट तुंबतो.