वापरलेली लष्करी स्लीपिंग बॅग: लेबलवरून ओळखा, पण ऊब पट्टीने मोजा

लष्करी स्लीपिंग बॅगेच्या लेबलवरचं तापमान हे ती नवी असतानाचं आणि सैनिकासाठीचं असतं. सैनिक आत थर्मल, मोजे, टोपी घालूनच शिरतो असं ते धरून चालतं. शिवाय 'सुखाने झोप लागेल' आणि 'रात्र निभेल' यांत ते फारसा फरक करत नाही. नागरी बॅगांसाठी युरोपात २००२ साली ईएन १३५३७ हे मानक आलं आणि २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. त्यात कम्फर्ट (सुखाची झोप), लिमिट (कशीबशी झोप), एक्स्ट्रीम (जेमतेम जीव तगण्याची हद्द) असे आकडे वेगवेगळे द्यावे लागतात. पण ईएन १३५३७ ने लष्करी वापराच्या बॅगा आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. त्यामुळे लष्करी लेबलवरचा 'उणे' आकडा दुकानातल्या नव्या बॅगेच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ आहे.

लेबल वाचायचं ते ओळख पटवण्यासाठी. नाटो देशांच्या लष्करी वस्तूंना दिलेला १३ आकडी नाटो साठा क्रमांक ४-२-३-४ अशा गटांत असतो. पहिले चार आकडे ८४६५ असतील तर वस्तू वैयक्तिक साधनसामग्रीच्या वर्गातली. पुढचे दोन आकडे देशाचे: ०० किंवा ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १७ नेदरलँड्स, २१ कॅनडा. अमेरिकी लेबलवर ४-३-४ असा ११ आकडीच क्रमांक दिसला, तर तो १९७४ च्या आधीच्या पद्धतीचा. म्हणजे बॅगेचं वय तुम्हीच काढा. अमेरिकी करारक्रमांकात कार्यालयाच्या सांकेतिक अक्षर-आकड्यांनंतरचे दोन आकडे आर्थिक वर्ष सांगतात. 'डीएलए १००-८७-सी' म्हणजे करार १९८७ चा. साठा क्रमांक आणि करारक्रमांक दोन्ही नसलेली, नुसती हिरवी बॅग बहुतेक वेळा 'मिलिटरी स्टाइल' नक्कल निघते. लेबल कापलेलं असेल तर विक्रेता सांगतो ते मॉडेल गृहीत धरू नका.

बाजारात सर्वांत जास्त फिरणारी बॅग म्हणजे अमेरिकी मॉड्युलर स्लीप सिस्टिम. हिच्यात पातळ पेट्रोल (गस्तीसाठीची) बॅग, जाड इंटरमीडिएट बॅग आणि गोर-टेक्स या जलरोधक कापडाचं बिव्ही कव्हर (बॅगेवर चढवायची खोळ) असे तीन भाग टिचबटणांनी एकात एक बसतात. जुन्या संचात पेट्रोल बॅग हिरवी, इंटरमीडिएट काळी आणि बिव्ही वुडलँड (जंगलात लपण्याच्या रंगांच्या) छपाईची. नंतरच्या संचात सगळं करड्या छटांत. वजनावरूनही भाग ओळखता येतात: पेट्रोल सुमारे १.१ किलो, इंटरमीडिएट १.८ ते १.९, बिव्ही १ किलोच्या आसपास, पिशवीसह पूर्ण संच साडेचार ते पाच किलो. पूर्ण संच −३० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण −३४ सेल्सिअसचा, अशी जाहिरात दिसते. वापरलेल्या संचाकडून ती अपेक्षा ठेवूच नये. 'संच' म्हणून दोनच भाग गळ्यात मारण्याचे प्रकारही चालतात, म्हणून तिन्ही भाग वेगळे करून टिचबटणं मोजून घ्या.

ब्रिटिश ५८ पॅटर्न (१९५८ च्या नमुन्याची) बॅग पिसांची आहे, जड आहे आणि खालच्या बाजूला जलरोधक कापड आहे. नंतरची ब्रिटिश आर्क्टिक कृत्रिम तंतूंची, अवाढव्य, पण कोरड्या थंडीत भरवशाची. बाह्या असलेली जुनी जर्मन बॅग गंमत म्हणून छान. पण रबरी थरामुळे आत घाम साचतो आणि कडाक्याच्या थंडीसाठी भरणही पुरेसं नाही. ती घेऊ नये असं आमचं मत.

आता ऊब. ती भरणात अडकलेल्या स्थिर हवेची असते, म्हणून मोजायची ती जाडी. बॅग पिशवीतून काढा, कडा धरून झटका आणि उघडी पसरून ठेवा. कृत्रिम भरणाला काही तास पुरतात, पिसांना पूर्ण दिवस द्या. मग चेन पूर्ण उघडून एकच थर जमिनीवर अंथरा आणि न दाबता पट्टी उभी धरून छाती, कंबर, पाय अशा तीन जागी जाडी घ्या. दोन शिवणींच्या मध्ये आणि शिवणीवरही, मग सरासरी. शिवणीवर जाडी जवळपास शून्य असेल तर कापडाचे दोन्ही पदर आरपार शिवलेले आहेत आणि गारठा तिथूनच आत येणार.

अमेरिकी लष्कराच्या क्वार्टरमास्टर (साधनसामग्री पुरवणाऱ्या) विभागाचा जुना ठोकताळा इथे उपयोगी पडतो. झोपलेल्या माणसावर एका थराची जाडी ४ अंश सेल्सिअसला ३.८ सेंमी हवी, −७ ला ५ सेंमी, −१८ ला साधारण ६.३ सेंमी. म्हणजे दर सव्वा सेंटिमीटरला सुमारे ११ अंश. वारा नाही, बॅग कोरडी आहे आणि खाली चांगली मॅट आहे हे यात गृहीत आहे. थंडी जास्त वाजणाऱ्याने पाच-सहा अंश राखून ठेवावेत. लेबल −२३ म्हणत असेल आणि पट्टी साडेतीन सेंटिमीटर दाखवत असेल, तर पट्टीवर विश्वास ठेवा.

'कोरी, कधीच न वापरलेली' या शब्दांना भुलू नका. गोदामात वर्षानुवर्षं आवळून बांधलेल्या बॅगेतले पॉलिएस्टर तंतू तिथेच मोडून बसतात. एकदा बसलेलं पॉलिएस्टर धुऊन फारसं उठत नाही. मंद उष्णतेच्या ड्रायरने थोडं सुधारेल इतकंच. पिसांचं उलट आहे. गाठी झालेली, कळकट, चपटी वाटणारी जुनी पिसांची बॅग अनेकदा फक्त अंगाच्या तेलाने चिकटलेली असते आणि नीट धुतली की पुष्कळ फुलते. म्हणून दिसायला वाईट पिसांची बॅग घेण्यात अर्थ असू शकतो, चपट्या पॉलिएस्टरची घेण्यात नाही. अपवाद बुरशीचा: कुबट वास आणि काळे ठिपके असतील तर पिसं असोत वा तंतू, हातही लावू नका.

धुताना पुढून उघडणारं मोठं मशीन, सौम्य साबण, सॉफ्टनर नाही, खळबळणं दोनदा. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर पाण्याच्या वजनाने आतल्या शिवणी आणि भरणाचे थर फाटतात. दोन्ही हातांवर पेलून काढा. ड्रायर मंद आचेवरच, कारण जास्त उष्णतेने पॉलिएस्टर वितळून चिकटतं. पिसांसोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाका आणि मधूनमधून गाठी हाताने फोडा. याला कित्येक तास लागतात. ओलसर राहिलेली पिसं कुजतात.

बॅग उजेडासमोर धरली की भरण सरकलेल्या जागा पारदर्शक दिसतात. पोटाजवळ आणि पावलांपाशी असं दिसलं तर बाकी जाडी कितीही असो, तिथे गारठणारच. चेन पूर्ण वर-खाली फिरवा. मागे दात उघडत असतील तर रनर झिजलेला आहे, पक्कडीने किंचित दाबून तात्पुरतं काम भागतं. चेनच्या मागची भरलेली पट्टी चपटी असेल तर सगळ्या लांबीतून थंडी शिरते.

बिव्ही तपासायला एका कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून दहा मिनिटं धरा. बाहेरून ओल आली, आतला पदर फुगून सुटलेला दिसला किंवा शिवणीवरची टेप सोलवटली असेल, तर ते जलरोधक राहिलेलं नाही. चांगलं असलं तरी बिव्ही वारा अडवतं, जाडी वाढवत नाही.

अंगाखाली भरण दबून जवळपास निरुपयोगी होतं, त्यामुळे शून्याखाली आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ४ च्या आसपासची मॅट हवी. साधी सेंटिमीटरभर फोमची मॅट याच्या निम्म्यालाही जेमतेम पोचते. अशा दोन एकावर एक अंथरल्या तर आर-व्हॅल्यूची बेरीज होते.

दुरून मागवत असाल तर विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: लेबलचा जवळून, दिवसभर उघड्या ठेवलेल्या बॅगेच्या एका थराशेजारी उभ्या पट्टीचा आणि वजनकाट्यावरच्या बॅगेचा. यातला पट्टीचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याची बॅग सोडून द्या.