आठवड्याला आठ वचनं : स्तोत्र 119 सोबतचे सहा महिने

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 119वं स्तोत्र मी सहा महिने, आठवड्याला आठ वचनं (ओळी) असं वाचलं. आधी सामानाचं सांगतो. मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, दोनशेपानी वही आणि शिसपेन्सिल. पेन नको. कागद इतका पातळ असतो की जेल पेननं ओढलेली रेघ मागच्या पानावर उमटते. माझ्याकडे अशी तीन पानं आहेत.

याआधी मी 'एका वर्षात बायबल' दोनदा करून पाहिलं. 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. दोन्ही वेळा लेवीय नावाच्या पुस्तकात, अंगावरच्या चट्ट्यांचे नियम येतात तिथं गाडी रुतली. मोबाईलमधलं अ‍ॅप सलग किती दिवस वाचलं ते मोजायचं. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर, आणि माझा उत्साहही.

जूनमध्ये आमच्या चर्चचे पाळक म्हणाले, "पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस शास्त्रात 'रमतो'. 'संपवतो' असं कुठं लिहिलंय?" त्यांनीच 119 सुचवलं. 176 वचनं, आठ-आठची 22 कडवी. हिब्रू अक्षरं 22, आणि मूळ भाषेत एका कडव्यातली आठही वचनं एकाच अक्षरानं सुरू होतात. अनुवादात ही गंमत हरवते. खानापूर-बेळगाव बसमध्ये 'क'च्या आठ ओळी मी स्वतः जुळवायला बसलो. तिसऱ्या ओळीलाच 'कधी' आणि 'कारण' दोन्ही वापरून झाले होते.

पद्धत साधी. आठवडाभर तीच आठ वचनं. सकाळी एकदा वहीत उतरवायची, बसमध्ये पुटपुटायची. 'मनन' म्हटलं की मी डोळे मिटून गप्प बसायचो. पण पहिल्या स्तोत्रातल्या मूळ हिब्रू शब्दाला हळू आवाजात पुटपुटण्याचा अर्थ आहे; बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात (31:4) शिकार धरून गुरगुरणाऱ्या सिंहाला तेच क्रियापद आहे. तेव्हापासून ओठ हलवायची लाज गेली. कंडक्टरला वाटतं मी पैसे मोजतोय.

पहिले काही आठवडे कंटाळवाणे गेले, खोटं कशाला बोलू. नियम, विधी, आज्ञा, निर्बंध, पुन्हा नियम. चौथ्या कडव्यात जीव धुळीला चिकटल्याचं वाचलं तेव्हा जरा थांबलो, कारण उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून मी रोज तसाच घरी येतो. पण खरा धक्का 83व्या वचनानं दिला. मी धुरात ठेवलेल्या बुधल्यासारखा झालोय, असं स्तोत्रातला माणूस म्हणतो. बुधला म्हणजे कातड्याची पिशवी, एवढंच माहीत होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "चुलीवर टांगलेलं कातडं काय होणार? काळं पडणार, आकसणार, तडकणार." मग त्या माणसाचं पुढचं वाक्य वाचलं: तरी तुझे विधी मी विसरलो नाही. त्या आठवड्यात पगार लांबला होता. ते एक वचन मी वहीत अकरा वेळा लिहिलंय.

शेजारच्या आज्जी कन्नडमधून वाचतात. चौदाव्या कडव्याला त्यांच्या कट्ट्यावर बसलो होतो. 105वं वचन : मराठीत पावलांना दिवा, वाटेला उजेड. त्यांनी वाचलं, "नन्न दारिगे बेळकू." मी म्हटलं, दारात उजेड? आज्जी हसल्या. "तम्मा, दारी म्हणजे वाट रे, दार नव्हे." चूक माझीच, पण त्या दिवसापासून मला ते वचन दोन्ही अर्थांनी दिसतं: वाटेवर उजेड, आणि रात्रपाळीहून येताना आईनं दारात जळता ठेवलेला बल्बही.

तक्रारी आहेत. आषाढात पिशवी भिजली आणि पहिली वही लगद्यासारखी झाली. ओव्हरटाइममुळे चार आठवडे काहीच झालं नाही, म्हणून 22 चे 26 झाले. जुने शब्द अडतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेला मराठी अनुवाद (त्या 1922 मध्ये गेल्या, तो 1924 मध्ये छापून निघाला) शेजारी ठेवून पाहायची इच्छा आहे, प्रत अजून मिळालेली नाही. आणि सकाळी उठून व्हॉट्सअ‍ॅपवर वचनाचं चित्र पुढं ढकलणं आता मला जमत नाही. त्यावरून घरात थोडी कुरबूर आहे.

डिसेंबरात 119 संपलं. शेवटच्या वचनात इतकं सगळं म्हणून झाल्यावर तो माणूस स्वतःला हरवलेलं मेंढरू म्हणतो, मला शोध म्हणतो. तिथं मी अडकलो ते अजून अडकलेलोच आहे. पुढं बायबलमधलंच रूथचं पुस्तक घेणार, चारच अध्याय. आज्जींनी कन्नड पुस्तकात तिथं आधीच दोरा घालून ठेवलाय.