बिलाचा मेल, नवीन खातं आणि तक्रार घ्यायला कोणीच नाही

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमच्या भाऊजींचं वर्कशॉप आहे, मेलचं आणि हिशोबाचं मी बघते. बेअरिंगवाल्याशी सगळा व्यवहार मेलवरच चालतो. मागे त्याच चालू मेलच्या खाली रिप्लाय आला की ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, पेमेंट या नव्या खात्यात टाका. खाली आमचंच जुनं बोलणं, आमचाच पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, बिलावर त्यांचा शिक्का. मी दांडिया बाजारात आईकडे होते, भाऊजींनी आरटीजीएस करून टाकलं.

मग खऱ्या बेअरिंगवाल्याचा फोन, पेमेंट कधी करताय? तेव्हा मेल नीट बघितला तर डोमेनमध्ये, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावात, इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून बसवलेले, मोबाईलवर तर बापजन्मात दिसणार नाही. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, बँकेला मेल, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. थोडे पैसे होल्ड झाले, बाकीचे पुढच्या खात्यांत गेले होते.

एक सांगते, हेडरमध्ये (मेल कुठून कसा आला याची लपलेली नोंद) एसपीएफ, डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का याच्या तपासण्या, सगळं पास होतं. पास होणारच हो, डोमेन चोराने स्वतःच्या नावावर घेतलेलं, तपासणी त्याच डोमेनची होते, माणसाची नाही. आणि आमचं बोलणं त्याला कळलं कसं, तर बेअरिंगवाल्याच्या मेलबॉक्समध्ये कोणीतरी गुपचूप फॉरवर्डिंग लावून ठेवलेलं, आलेल्या मेलची कॉपी आपोआप चोराकडे. आपापल्या सेटिंगमध्ये जाऊन ते आजच बघा.

खरा संताप पुढे झाला. हेडरमधून कळलं मेल कुठल्या होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे मेल-वेबसाईटसाठी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरवरून निघाला. अशा तक्रारींसाठी कंपनीच्या डोमेनवर अब्यूज (abuse@) हा पत्ता आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या कागदात १९९७ सालीच ठरलेला आहे, त्यावर लिहिलं तर मेल परत, एरर ५५०, असा युजरच नाही. मग त्यांच्या पोस्टमास्टर (postmaster@) या पत्त्यावर लिहिलं, तो पत्ता तर आरएफसी ५३२१ प्रमाणे मेल घेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला ठेवावाच लागतो. पुरावा म्हणून चोराचा मेल जोडला होता, तर त्यांच्या फिल्टरने माझी तक्रारच स्पॅम म्हणून परत पाठवली! म्हणजे चोर धरून चौकीत नेला तर हवालदार म्हणतो, असली माणसं आत आणू नका. हाच मेल त्यांच्याच सर्व्हरवरून बाहेर जाताना मात्र कोणी अडवला नव्हता. वेबसाईटवर फॉर्म होता, पण तो फक्त त्यांच्या ग्राहकांसाठी, लॉगिन मागतो. मी कुठली ग्राहक, मी तर फसलेली पार्टी.

शेवटी भाच्याने त्या सर्व्हरच्या आयपी नंबरचं हूइज, म्हणजे तो कोणाच्या नावावर आहे याची जाहीर नोंद, काढलं, त्यात ज्यांचं नेटवर्क त्या डेटा सेंटरचा तक्रारीचा पत्ता मिळाला, आणि डोमेन ज्या रजिस्ट्रारकडून घेतलं त्याचाही, कारण आयकॅन या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या करारानुसार रजिस्ट्रारला तो जाहीर ठेवावाच लागतो. दोघांनाही मेल केले, पूर्ण हेडर टेक्स्ट म्हणून खाली चिकटवून, अटॅचमेंट न लावता. डोमेन रजिस्ट्रारने बंद केलं. पण तेवढ्यात बेअरिंगवाल्याच्या अजून एका गिऱ्हाईकाला त्याच डोमेनवरून तसाच मेल गेला होता, त्यांनी फोन करून विचारलं म्हणून वाचले. पहिल्याच तक्रारीला कोणी उत्तर दिलं असतं तर तो मेल निघालाच नसता.

तेव्हा खातं बदललं असा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करा. आणि कंपनीसाठी होस्टिंग घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी त्यांच्या अब्यूज आणि पोस्टमास्टरवर एक साधा मेल टाकून बघा, परत आला तर दुसरा बघा. आमचे होल्ड झालेले पैसे अजून बँकेतच अडकलेत, सोडवायला कोर्टाची ऑर्डर लागते म्हणे, भाऊजी त्याच धावपळीत आहेत.