गिटारची वरची फळी: स्प्रूस की सीडर?

भाचीचा प्रश्न: मामा, एका गिटारची फळी स्प्रूसच्या लाकडाची, दुसरीची सीडरच्या लाकडाची. दोन्ही एकाच किमतीत मिळतायत, कुठली घेऊ?

जाहिरातीतलं 'प्रीमियम टोन' बाजूला ठेव. आधी दोन्ही फळ्या सॉलिड, म्हणजे थर न चिकटवता सलग लाकडाच्या, आहेत का ते बघ. मधल्या गोल भोकाच्या कडेला लाकडाच्या वरच्या रेषा सलग आत उतरताना दिसल्या तर सॉलिड, आडवे थर दिसले तर प्लाय, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली. स्प्रूस-सीडरपेक्षा हा फरक मोठा आहे.

आता आवाज. स्प्रूस कडक असतो. जोरात स्ट्रमिंग केलं, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला, तरी आवाज फाटत नाही, कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. मात्र हलक्या बोटांना तो पटकन दाद देत नाही. काही वर्षं वाजवल्यावर खुलतो, असं बहुतेक वादक सांगतात. सीडर हलका आणि मऊ. हळूच तार छेडली तरी पहिल्या दिवसापासून भरदार, उबदार बोलतो. जोर वाढवला की मात्र आवाज गढूळ होतो. 1960च्या दशकात माद्रिदचे गिटार बनवणारे होसे रामिरेझ तिसरे यांनी क्लासिकल (नायलॉनच्या तारांच्या) गिटारला सीडर लावायला सुरुवात केली, आणि त्या गिटारवर तो आजही शोभतो.

टिकाऊपणात स्प्रूस सरस. सीडरवर नखाचीसुद्धा खूण उमटते. पावसाळ्यात दोन्ही केसमध्येच ठेवाव्या लागतात.

पिकने (तारा छेडायच्या छोट्या पत्तीने) कॉर्ड वाजवत गाणाऱ्याने स्प्रूस घ्यावा. तू बोटांनी, हळुवार वाजवतेस. तुला सीडरच.